मायच्या डोक्यावरची टकटक

"म्हणजे मशीन खोटं होतं?"

मी इतक्या मोठ्यानं विचारलं की बाहेर बाकावर बसलेले पेशंट दाराशी येऊन उभे राहिले. राहू देत उभे. माझा आवाज मोठाच आहे. सासरी नवापूरला आमचं कोंबडीखाद्याचं दुकान आहे, दिवसभर ट्रकवाल्यांशी आणि पोल्ट्रीवाल्यांशी हुज्जत घालून गळा तसाच तयार झालाय. पण त्या दिवशी नंदुरबारच्या त्या दवाखान्यात मी ओरडले ते सवयीनं नव्हे. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या.

समोर डॉक्टर रायसिंग पाडवी. तळोद्याच्या वरच्या डोंगरातला माणूस, मेंदूचा डॉक्टर, बोलायला मऊ. शेजारच्या खुर्चीत माझा धाकटा भाऊ नवनीत, नंदुरबारलाच ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. मी डॉक्टरांवर ओरडत होते आणि हा टेबलाच्या काचेत बघत बसला होता.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई उगाच भांडकुदळ आहे.

आमची माय, छबूबाई. प्रकाशा या तीर्थाजवळ, तापीकाठी आमचं गाव. गावात लग्न असो की आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण, अंगणातल्या चुलीवर खापर उपडं पडलं की पहिलं बोलावणं मायला. खापरावरचे मांडे करावेत तर तिनंच. लेक म्हणून सांगत नाही, आमच्याकडे कुणालाही विचारा. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत वाढवायचा, तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत, आणि पातळ झाला की एका झटक्यात तापल्या खापरावर टाकायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. हात जरा अडखळला की मांडा फाटला. मायचा मांडा फाटलेला मी कधी बघितला नव्हता. काम झालं की पदरानं तोंड पुसत ती मांडवात येऊन बसायची, जेवणारे तिच्याकडे बघून मान डोलवायचे, आणि ती कशी लाजायची! साठीतली बाई, पण नव्या नवरीसारखी लाजायची.

मग तिला कंपवात झाला. आधी उजवा अंगठा हलायला लागला, मग सगळा हात, मग पाय जड झाले. "मन्हा हात मन्हं ऐकत नही," म्हणायची, पोरगं वाया गेल्यासारखं. गोळ्यांनी उठता-बसता यायला लागलं, चालता यायला लागलं, पण हाताची थरथर पुरती गेली नाही. गावातल्या बायांनी मांड्यांना बोलावणं बंद केलं. बिचाऱ्यांना वाटायचं, कशाला तिला त्रास. मायला ते जास्त लागलं. ताटात वाटी वाजते म्हणून ती चार माणसांत जेवेनाशी झाली. लग्नांना जाणं सोडलं. दारात बसायची आणि रस्त्याकडे पाठ करून बसायची.

मागच्या हिवाळ्यात नवनीत बातमी घेऊन आला. नंदुरबारला एका दवाखान्यात डोक्याला चुंबक लावून कंपवातावर काही होतं का याचा अभ्यास चाललाय म्हणे. रोज जायचं, खुर्चीत बसायचं. इंग्रजी आठच्या आकाराची काळी चकती डोक्याला टेकवतात, टकटक टकटक आवाज होतो, टाळूवर टिचक्या मारल्यासारखं वाटतं, की झालं. "माय, हाई मशीननी तुन्हा हात बरा व्हई," त्यानं मायला सांगितलं. मलाही फोनवर एवढंच.

माय त्याच्या घरी राहायला गेली. रोज धुतलेलं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखी जायची. मी एकदा बरोबर गेले होते. तिथल्या पोरीनं चकती धरली, टकटक सुरू झाली आणि मायनं डोळे मिटून हात जोडले. मला हसूच आलं. ती पोरगी म्हणाली, "आजी, हात खाली ठेवा, मशीन आहे, देव नाही." माय म्हणे, "तुले काय करनं शे? मन्हा हात शेत."

आणि फरक पडला. हो, पडला! आधी कपबशी वाजायची थांबली. मग नातवाच्या शर्टाची बटणं तिनं स्वतः लावली. आखाजीला मी माहेरी गेले तर अंगणात चूल पेटलेली, खापर लाल झालेलं आणि खापरापुढे माझी माय बसलेली. तिनं गोळा हातावर घेतला. आम्ही बाया श्वास रोखून उभ्या. तळवा, मनगट, कोपर, आणि झटका. मांडा खापरावर अख्खा पसरला. "देख, देख! ऐकी ऱ्हायना!" ती ओरडली, हात तिचं ऐकायला लागला म्हणून. गल्लीतल्या बाया रडल्या, मी रडले, नवनीतसुद्धा कोपऱ्यात उभा राहून नाक ओढत होता. आमरसाबरोबर त्या दिवशी मी किती मांडे हाणले ते विचारू नका.

आणि आता आखाजी होऊन आठ-दहा दिवस झालेत, अभ्यास संपलाय म्हणून घरच्यांना बोलावलंय, आणि हा माणूस मला शांतपणे सांगतोय की मायला लावलेली चकती खोटी होती.

"आवाज तोच असतो," डॉक्टर म्हणाले. "टिचक्याही तशाच. फक्त चुंबकाची ताकद आत जात नाही. निम्म्या लोकांना खरं लावलं, निम्म्यांना असं. कुणाला काय मिळतंय ते मलाही कळू दिलेलं नव्हतं. परवा कळलं."

"म्हातारीची थट्टा केलीत तुम्ही. रोज नटूनथटून येत होती ती इथे! हात जोडत होती तुमच्या त्या डबड्याला!"

"ताई, त्यांचा हात बरा झाला की नाही?"

"झाला म्हणून तर विचारतेय! कशानं झाला मग?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. हात हलवायचा हुकूम नीट पोचायला ते लागतं. कंपवातात ते बनवणाऱ्या पेशी मरत जातात. गोळी म्हणजे उरलेल्या पेशींना दिलेला कच्चा माल. आम्हाला बघायचं होतं, कपाळामागच्या भागाला चुंबकानं डिवचलं तर आत खोलवर डोपामिन जास्त सुटतं का. सुटतं, असं दिसतंय. पण गंमत अशी झाली..."

"गंमत म्हणू नका."

"चुकलो. पण माणसाला खात्री वाटली ना, की आता मी बरा होणार, तर नुसत्या त्या खात्रीनंही तेच डोपामिन सुटतं. तिथेच. तुमच्या आईंचं तसं झालं. मशीननं त्यांना काही दिलं नाही. त्यांच्या मेंदूकडे जे थोडंफार उरलं होतं, ते त्यानंच बाहेर काढलं."

 मी टेबलावर दोन्ही हात टेकले. "आणि हे मायला माहीत होतं? की खोटंही मिळू शकतं?"

डॉक्टरांनी नवनीतकडे बघितलं. "सुरुवातीला यांना सगळं सांगितलं होतं. आईंना घरच्या बोलीत नीट समजावतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी आई आल्या आणि हो म्हणाल्या."

मी खुर्चीसकट नवनीतकडे वळले.

"सांगितलं असतं तर ती आली असती का?" नवनीत म्हणाला. "आणि आली असती तरी रोज संशय घेऊन बसली असती. बरी झाली ना? मग मिटलं."

"काय मिटलं? काय मिटलं रे? कॉलेजात पोरांना खरं बोला म्हणून शिकवतोस आणि जन्मदात्या मायला..."  मग डॉक्टरांवरच घसरले. "आणि तुम्ही हो? मायला तोंड नाही का? पोराला विचारलंत, तिला एकदा विचारायला जीभ झडली असती तुमची?"

"त्यांनाच विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. कबूल केलं त्यांनी, तेवढं मानते. पण कबूल केल्यानं माझा राग उतरत नाही.

निघताना ते म्हणाले की ज्यांना खोटं मिळालं त्यांना आता खरं लावून देणार आहेत. "आणि एक लक्षात ठेवा. ही खात्रीची मदत कायम पुरत नाही. गोळ्या अजिबात तुटू देऊ नका. एकदम तोडल्या तर माणूस लाकडासारखा आखडतो, ताप चढतो, जिवावर बेतू शकतं."

"गोळ्या चालूच आहेत," नवनीत म्हणाला.

चालू नव्हत्या.

मायला आखाजीपासून गावीच ठेवलं होतं, शेजारी काकू होती म्हणून. आम्ही पोचलो तर माय खाटेवर. नेहमी माझी गाडी वाजली की दारात येते, त्या दिवशी उठलीच नाही. चेहरा ताठ, पापणी हलत नव्हती. "ऊनमा थकनू," म्हणाली. मी गोळ्या बघायला कोनाड्यात हात घातला तर कोनाडा रिकामा. सगळी पाकिटं देव्हाऱ्यात, कानबाईपुढे, एकावर एक नीट रचलेली. वरून हळदकुंकू वाहिलेलं.

"माय, हाई काय शे?"

"कानबाईले सोड्यात."

आमच्या खानदेशात देवीला नवस बोललो आणि देवी पावली, की जिवाला लागणारी एखादी वस्तू तिच्या नावानं सोडतात. कुणी गूळ सोडतं, कुणी चहा, कुणी पायातली चप्पल. आखाजीला मांडा अख्खा पडला त्याच संध्याकाळी मायनं कानबाईपुढे दिवा लावला आणि गोळी सोडली. श्रावणात घरोघरी कानबाई बसवतात, तोपर्यंत.

"मशीननी बरं करं ना माले," ती म्हणाली. "आते गोळी कसाले? देवीनी इतलं दिन्हं, मी तिले काहीच देऊ नको का?"

मी अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा मऊ आवाज पहिल्यांदा कडक झाला. आत्ताच्या आत्ता गोळी द्या, उद्या सकाळी घेऊन या, थांबू नका.

आत येऊन मायला हात जोडले, पाया पडले, ओरडले, सगळं केलं. ती काही ऐकेना. "नवस मोडू? या वयमा?" आणि पुन्हा तेच, मशीननी बरं करं. तिच्या दृष्टीनं तिचं काय चुकत होतं? तिला जे सांगितलं त्यावर ती वागत होती. औषधाची गरज संपली, म्हणून औषध देवीला दिलं. सरळ हिशेब होता तिचा.

नवनीत केव्हा स्वयंपाकघरात गेला कळलं नाही. मी मागून गेले तर पठ्ठ्या वाटीच्या बुडानं गोळी चुरत होता. शेजारी ताकाचा पेला.

"ताकात देऊ," तो हळू म्हणाला. "नवसही मोडत नाही, जीवही वाचतो. तिला कळायचं काय कारण?"

मी पेला उचलला आणि ताक मोरीत ओतलं.

"वेडी झालीस का?"

"वेडी मी? एकदा तिला न सांगता डोक्याला काय लावायचं ते तू ठरवलंस, आता पोटात काय घालायचं तेही तूच ठरव. आणि श्रावणापर्यंत दिवसातून तीनदा ताक पाजणार आहेस का तिला?"

"हळू बोल, ताई. तिला खरं सांगितलंस तर हात जाईल तिचा. ऐकलंस ना डॉक्टर काय म्हणाले? खात्रीवर चाललाय तो हात. ती काढून घ्यायचीय तुला? घे. मग तिच्याशेजारी बसून बघ तो हात थरथरताना."

तो म्हणत होता त्यात खोट नव्हती, आणि म्हणूनच मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. कसा फासात अडकवला होता यानं सगळ्यांना! खरं सांगावं तर हात जाणार, न सांगावं तर माय जाणार. आणि तिसरी वाट कोणती, तर आयुष्यभर लपूनछपून ताकात गोळ्या. माझ्या मायला? जिच्या हातचं खाऊन आम्ही वाढलो तिला चोरून चारायचं?

मी बाहेर आले, मायच्या खाटेजवळ जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. गोड करून सांगायला मला येत नाही. मशीन खोटं होतं, माय. नुसता आवाज होता. तुला कुणी सांगितलं नाही. तुझा हात तुझ्याच डोक्यानं चालवला, पण ते किती दिवस पुरेल सांगता येत नाही, आणि गोळी सोडलीस तर तू आखडून मरशील.

माय माझ्याकडे बघत राहिली. मग दारात उभ्या नवनीतकडे.

"तुले माहीत व्हतं?"

"हा, माय."

"मी काय ढोर शे का रे? ढोरले नळीथाईन दवा पाजतस, तसं? मन्हं डोकं, मन्हा हात, आनि इचारं कोनले? पोऱ्याले!" तिचा आवाज बारीक झालाय दुखण्यानं, पण ते शब्द काकूच्या अंगणापर्यंत गेले असतील. "मी देवीपुढे दिवा लावीसन सांगं, मशीननी बरं करं. देवीले खोटं सांगं मी! तुम्ही माले खोटं बोलाले लावं!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही तिच्या हाताचं बघत होतो, जिवाचं बघत होतो. तिला लाज वाटत होती ती कानबाईची.

आणि बोलता बोलता तिच्या मांडीवरचा उजवा हात हलायला लागला. आधी अंगठा. मग बोटं. मग मनगट. मी बघितलं, नवनीतनंही बघितलं. "झालं समाधान?" तो पुटपुटला.

"तिले काय बोलस?" माय त्याच्यावर कडाडली. "तिनी खरं सांगं. तुन्ही हिंमत व्हती का?"

मग खाटेची पाटी धरून ती उठली. मी पुढे झाले तर माझा हात झटकला. देव्हाऱ्यापुढे गेली, ताठ पायांनी, फरफटत. कानबाईशी काय बोलली ते ऐकू आलं नाही, ओठ तेवढे हलत होते. पाकीट उचललं. थरथरत्या हातात ते फाटेना. नवनीत धावला. "कोनी हात लावू नका!" तिनं दातांनी पाकीट फाडलं, गोळी तोंडात टाकली, तांब्या तोंडाला लावला. निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं.

"त्या डॉक्टरले फोन लाव," ती मला म्हणाली.

मी लावला आणि आवाज मोठा करून फोन तिच्या हातात दिला. डॉक्टरांनी ओळखलं. "मावशी, माझं चुकलं. आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं."

"ते व्हई गयं. आते खरं मशीन लावशी म्हने?"

"हो, मावशी. या वेळी खरं. मी स्वतः लावीन."

"आवाज कसा येस त्याना?"

"तोच. टकटक."

"आनि डोकाले?"

"तशाच टिचक्या बसतात."

"मंग खरं शे का खोटं, माले कसं कळी?"

 डॉक्टर म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवा, मावशी."

"भाऊ," माय म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात राग नव्हता, मला तो राग हवा होता. "मन्हाजोडे इस्वासच ते व्हता. तो तुम्ही पहिलेच वापरी टाका."

ती फोन बंद करायला लागली. बोट लाल बटणावर टेकेना, बाजूलाच घसरत राहिलं. नवनीत आणि मी तिच्यासमोर बसलो होतो, हात लावायची दोघांची छाती झाली नाही. फोनमधून डॉक्टर "मावशी, मावशी" म्हणत राहिले.